आपलं नाव शेवटी

नवीन प्रोजेक्ट आला की सुमेधा मॅडम पहिल्या दिवशी कुणाला कोड लिहू देत नसत. "आधी डबे ठरवा," म्हणायच्या. वागळे इस्टेटमधल्या त्या लहानशा कंपनीत नव्याने लागलेलं प्रत्येक पोर हे ऐकून एकदा तरी गोंधळायचं, आणि मग मॅडम फळ्यापाशी जाऊन त्याला समजावून सांगायच्या. त्यांच्या आईने डोंबिवलीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. ती सवय लेकीत उतरली होती.

"घरचं स्वयंपाकघर आठव," त्या सांगायच्या. "पोळ्यांचा डबा असतो. त्यातली वरची पोळी आधी निघते, तळाची शेवटी. मिसळणाचा डबा निराळा. त्यात वाट्यांच्या जागा ठरलेल्या, मोहरी न बघताही सापडते. आणि फळीवर डाळींच्या बरण्या, प्रत्येकीवर लेबल. पोळ्या जर मिसळणाच्या डब्यात कोंबायला गेलास, तर तो दोष पोळ्यांचा नाही आणि डब्याचाही नाही. प्रोग्रॅममध्ये माहिती ठेवायला असेच डबे असतात, त्यांना कंटेनर क्लास म्हणतात. कुठल्या माहितीला कुठला डबा, हे एकदा चुकलं की पुढे कितीही छान लिही, ते चुकीच्याच डब्यात जाऊन पडतं."

सर्वेश घाडीला हे आता पाठ झालं होतं. पण या खेपेला तो नेहमीसारखा मागच्या खुर्चीवर बसला नाही. पुढे येऊन बसला. कारण प्रोजेक्ट ठाण्यापलीकडच्या दिवा गावचा होता, त्याच्याच गल्लीचा.

महेंद्र शेठ नावाचा एक टँकरवाला होता. दिव्याच्या चाळींना उन्हाळ्यात पाणी पुरवणं हा त्याचा धंदा. दुपारी टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला की हंडे, कळश्या, निळे ड्रम आणि त्यांच्यामागे माणसं, अशी झुंबड उडायची. पाइप ओढाओढीत फुटायचे, ड्रायव्हरला शिव्या बसायच्या. महेंद्र शेठला आता अ‍ॅप हवं होतं. लोकांनी सकाळी दहाला मोबाईलवरून नंबर लावायचा, ड्रायव्हरच्या टॅबवर नावं ओळीने दिसणार, ज्याचं नाव दिसेल त्याचाच ड्रम भरायचा. बाहेरच्या गल्लीतल्यांनी घुसू नये म्हणून त्याने एक अट घातली होती. मोबाईल त्या गल्लीत असला तरच नंबर लागला पाहिजे.

सर्वेशला या कामात एकच गोष्ट हवी होती. त्याच्या आईने उन्हात उभं राहणं थांबावं. आईचे, म्हणजे चाळीच्या तुळसाकाकीचे, गुडघे दोन उन्हाळ्यांपासून कुरकुरत होते. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली होती, आणि पाण्याच्या रांगेत बसायला खुर्ची नसते. आई रोज पाण्याला उभी राहते एवढं सर्वेशला माहीत होतं. ती कुणाकुणासाठी उभी राहते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तो सकाळी घर सोडायचा तेव्हा ड्रम रिकामा असायचा आणि संध्याकाळी परतायचा तेव्हा भरलेला. रविवारी टँकर नसायचा.

"सर्वेश, तू दिव्याचा," मॅडम म्हणाल्या. "तू सांग. तिथे नंबर कसा लागतो?"

"मॅडम, तिथे नंबर नाही लागत, डोकी फुटतात," सलिल म्हणाला. सलिल कोपरीचा, शेजारच्या टेबलावर बसणारा. सगळे हसले. सर्वेशही हसला. दिव्याच्या नावाने हसण्याची त्याला सवय होती.

"आधी येईल त्याला आधी," तो म्हणाला. "म्हणजे क्यू. पण नुसता क्यू ठेवला तर एकच माणूस दहा वेळा नंबर लावून ठेवील. महेंद्र शेठची तीच तक्रार आहे. म्हणून सोबत मॅप ठेवू. लेबलवाल्या बरण्या. एका लेबलची एकच बरणी, एका घराचा एकच नंबर."

"छान. लेबल कशाचं लावशील?" मॅडमनी खडू पुढे केला. "मला विचारशील तर खोलीचं लाव. पाणी घर पितं, मोबाईल पीत नाही."

"खोलीचा भरवसा नाही मॅडम. आमच्या गल्लीत एकाच नावाच्या तीन चाळी आहेत. एका खोलीच्या दोन केल्या तरी नंबर तोच राहतो. मोबाईल कसा, पक्का असतो. ओटीपी जातो."

"सगळ्यांकडे असतात का रे मोबाईल तुमच्याकडे?" सलिलने विचारलं. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण सर्वेशला ते लागलं.

"सगळ्यांकडे आहेत. तुझ्याहून बरे आहेत."

आणि ते खोटं नव्हतं. चाळीत प्रत्येकाकडे मोबाईल होता. तो मोबाईल दिवसभर चाळीत नसायचा, एवढंच.

मॅडमनी फळ्यावर मोबाईल असं लिहिलं. "आता शेवटचा प्रश्न, आणि हा घाई न करता सांग. त्याच लेबलचं कुणी परत काही आणलं तर काय करायचं? दोन वाटा आहेत. एक, दारातच अडवायचं, बाबा रे तुझा नंबर लागलाय. दुसरी, बरणीतलं जुनं ओतून टाकायचं आणि नवं भरायचं. दुसऱ्या वाटेत आवाज होत नाही, हे ध्यानात ठेव. जुनं कधी गेलं ते कुणालाच कळत नाही."

सर्वेशला आईचा चेहरा आठवला. मागे एकदा विजेचं बिल भरताना स्क्रीनवर लाल अक्षरं आली, तेव्हा तिने मोबाईल उशीखाली ठेवून दिला होता आणि दोन दिवस तो घेतला नव्हता. आपल्या हातून काही मोडलं असं तिला वाटलं होतं.

"नवं भरू," तो म्हणाला. "लोक खोली नंबर चुकवतात मॅडम, मग सुधारून परत टाकतात. त्यांना लाल काही दाखवलं की घाबरतात. माझी आई तर मोबाईलच बंद करून ठेवील."

"आईसाठी करतोयस, म्हणजे काळजीने करशील," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी फळ्यावर 'नवं भरायचं' लिहून त्याखाली रेघ मारली.

काम उभं राहिलं. गल्लीची अट तेवढी बंद ठेवून ऑफिसात सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवरून नंबर लावून बघितले. सलिलने शेकडो खोटे नंबर बनवून एकदम सोडले, तरी एक नाव मागेपुढे झालं नाही. एकाच मोबाईलवरून निरनिराळ्या खोल्या लावून बघाव्यात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ज्याच्या डोक्यात यायला हवं होतं, त्याने टँकरच्या वेळची आपली गल्ली कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

अ‍ॅप सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सर्वेशने आईला शिकवलं. मॅडम शिकवायच्या तसंच, न चिडता. आधी चाळ, मग खोली, मग हे हिरवं बटण. बटण दाबल्यावर हिरव्या पट्टीत अक्षरं आली, 'आपला नंबर लागला आहे'. आईने ती त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली.

"आणि मग उन्हात जायचं नाही?"

"टँकर आला की मेसेज येईल. तेव्हा ड्रम बाहेर काढायचा. बस."

"म्हणजे मी आपली दारात बसून राहू?"

"बसून राहा. पाय वर घेऊन."

तिला हसू आलं. संध्याकाळपर्यंत चाळीत एक घर उरलं नाही जिथे तिने सांगितलं नव्हतं. ते टँकरचं मोबाईलवर आलंय ना, ते माझ्या सर्वेशने केलंय.

सोमवारी ऑफिसात मॅडमनी घरून नारळाच्या वड्या आणल्या होत्या. सगळे मिळून स्क्रीन बघत बसले. दहाला नंबर लागायला लागले, थोड्या वेळात यादी भरली, दुपारी टँकर गेले, एकेका नावापुढे 'पाणी दिले' अशी खूण होत गेली. कुठेही लाल काही नव्हतं. सलिलने सर्वेशच्या पाठीवर थाप मारली. "दिव्यात डोकी फुटायची थांबली म्हणायची."

घरी आल्यावर सर्वेशने आधी ड्रमचं झाकण उचलून बघितलं. काठापासून हंडाभरच खाली. आई मोरीच्या उंबऱ्यापाशी बसली होती.

"चाललं ना मस्त?"

"आपला भरला," आई म्हणाली. "चाळीत बाकी कुणाचा नाही भरला."

त्याला कळेना. तेवढ्यात दारात विनिता आली. समोरच्या खोलीत ती आणि तिची लेक सान्वी, दोघीच राहायच्या. विनिता वागळेलाच एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिच्या घराची किल्ली वर्षानुवर्षं तुळसाकाकीच्या दारामागच्या खिळ्याला असायची. सान्वी शाळेतून आली की इथेच जेवायची, इथेच अभ्यासाला बसायची.

"काकी, किल्ली नेते," विनिता म्हणाली.

"अगं, राहू दे की. उद्या पोर शाळेतून आली की..."

"तिच्या गळ्यात बांधून देते. मोठी झाली आता."

"विनिताताई, काय झालं?" सर्वेशने विचारलं.

"काय व्हायचंय? चांगलं आहे तुमचं अ‍ॅप." तिने किल्ली काढून मुठीत धरली. "घरचं माणूस कंपनीत आत असलं की बरं असतं."

ती गेली. सर्वेशने आईचा मोबाईल घेतला आणि तिच्या हातात दिला. "सकाळी कसं केलंस ते मला दाखव. जसंच्या तसं."

आईने दाखवलं. कामावर जाणाऱ्या सगळ्या जणी रोजच्यासारख्या दाराशी येऊन सांगून गेल्या होत्या, काकी, आमचा पण लावा. इतकी वर्षं त्या हंडा ठेवून जायच्या, ती त्यांचे हंडे ओळीत लावून त्यांच्यापाशी उभी राहायची. आता हंड्याऐवजी नाव ठेवून गेल्या. दहा वाजता तिने चष्मा लावला. आधी शेजारच्या गंगुबाईंची खोली टाकली, त्या म्हाताऱ्या, त्यांना मोबाईल जमत नाही म्हणून. हिरवी पट्टी आली. मग विनिताची टाकली. हिरवी पट्टी आली. मग पलीकडच्या खोल्या, एकेक करून. दर वेळी हिरवं आलं, आणि दर वेळी तिला बरं वाटलं.

"आणि मग सगळ्यात शेवटी आपली."

"आपली शेवटी का?"

आईने त्याच्याकडे असं पाहिलं जसं त्याने काही अडाण्यासारखं विचारलं असावं. "मग कधी? दुसऱ्याचं अंगावर घेतलं की आपलं शेवटीच असतं. वाढणारी आधी जेवते का रे?"

सर्वेशला फळ्यावरची ती रेघ दिसली. एक मोबाईल, एक लेबल, एक बरणी. गंगुबाई ओतून विनिता, विनिता ओतून पुढची, तिला ओतून त्यापुढची. आवाज होत नाही. शेवटी जे भरलं तेच राहिलं, आणि शेवटी तिने आपलं घर भरलं होतं.

दुपारी टँकर आला तेव्हा सगळे ड्रम दारांबाहेर ओळीने मांडलेले होते. ड्रायव्हर भिवा याने टॅबवर बघून चाळीतली एकच खोली पुकारली. आईने त्याला चारदा सांगितलं, अरे, नीट बघ. तो म्हणाला, मावशी, नाव नाही तर मी काय करू, आणि पाइप गुंडाळला. आपल्या ड्रममधला एकेक हंडा द्यायला ती दारोदार फिरली होती. गंगुबाईंनी घेतला. बाकीच्यांची दारं संध्याकाळी उघडली, तोवर तुळसाच्या मुलाने तिचाच ड्रम भरून घेतला असं चाळीत सांगणाऱ्यांनी सांगून टाकलं होतं, त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वेश ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचला. मॅडम आल्या तेव्हा त्याने दुरुस्ती करून ठेवली होती. मोबाईल आणि खोली मिळून एक लेबल, म्हणजे एका मोबाईलवरून अनेक घरं लागतील. काम चहा थंड व्हायच्या आत झालं होतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"तुला विचारून मी गप्प बसले," त्या म्हणाल्या. "दिव्याचा मुलगा सांगतोय म्हणून. एकदा तिथे जाऊन बघायला हवं होतं, दोघांनीही."

"मी तिथेच राहतो मॅडम."

त्यांनी महेंद्र शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, आठवडाभर चालू द्या, मग येतो. आणि तो आला तो खुशीत आला. पेढे घेऊन आला.

"मॅडम, एक नंबर काम केलंत. भांडण नाही, तंटा नाही. आणि खरी मागणी किती आहे ते मला पहिल्यांदा कळलं. निम्मी पण नाही. एवढी वर्षं फुकट टँकर पळवत होतो."

मॅडमनी त्याला सगळं समजावून सांगितलं. बरणी, लेबल, कामावर जाणाऱ्या बायका, त्यांच्या वतीने नंबर लावणारी एक बाई. लहान मुलाला सांगावं तसं, पायरी पायरीने. शेठने शेवटपर्यंत ऐकलं.

"समजलं," तो म्हणाला. "पण मी एक टँकर पलीकडच्या टॉवरला लावून बसलोय. सोसायटीशी वर्षाचं बोलणं झालंय. आता तुम्ही नंबर वाढवून देणार, तर वाढलेल्या नंबराला पाणी कुठून आणू? माझ्या घरात विहीर नाही."

"पण ही चूक आहे," सर्वेश म्हणाला. "माणसं पाण्यावाचून राहतायत."

"त्यांना सांग, आपापल्या मोबाईलवरून लावा. सगळ्यांकडे आहेत ना? तूच बोललेलास मीटिंगला, मॅडमनी कळवलं होतं मला."

"त्या कामावर असतात. मोबाईल गल्लीत नसतो."

"मग घरी राहा म्हणावं एक जण." शेठने पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला. "बदल नको. आहे ते बेस्ट आहे. सही झालीय आपली."

तो गेल्यावर मॅडमनी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. मालकांशी बोलून बघते म्हणाल्या, बोलल्याही. मालक म्हणाले, गिऱ्हाईक खूश आहे. सर्वेशची दुरुस्ती तयार होऊन तशीच पडून राहिली.

त्या रविवारी तो विनिताकडे गेला. तिने त्याला आत घेतलं, बसायला दिलं, चहाचं मात्र विचारलं नाही. घरात चहापुरतं पाणी असेल की नाही हेही त्याला ठाऊक नव्हतं. सान्वी कोपऱ्यात वही उघडून बसली होती. गळ्यात दोरीला किल्ली. त्याने तिच्याकडे बघत, जणू तिलाच शिकवतोय असं, बरण्यांचं सगळं सांगितलं.

"म्हणजे चूक मशीनची," विनिता म्हणाली.

"माझी."

"आणि चुकून पाणी आलं ते तुमच्याच घरात."

"ताई, आईने आपलं नाव शेवटी टाकलं म्हणून तसं झालं. आधी टाकलं असतं तर आमचंच गेलं असतं."

विनिताने सान्वीला अभ्यास करायची खूण केली. रागाने बोलली असती तर सर्वेशला बरं वाटलं असतं. "दादा, मला गेटवर मोबाईल जमा करावा लागतो. आत पॅकिंगला दिवसभर उभी. मला ते मॅप-बिप कळत नाही. या आठवड्यात पाण्यापायी दोनदा खाडा केला, तिसरा केला तर सुपरवायझर घरी बसवील. मला एवढंच कळतं की माझा ड्रम रिकामा होता आणि काकींचा भरलेला." मग साडीचा पदर सारखा करत म्हणाली, "तुम्ही शिकलेले आहात, हुशार आहात. काकी सांगतात ना सगळ्यांना. एवढ्या हुशार माणसाची एवढी साधी चूक कशी होईल?"

चूक साधीच होती. ती साधी होती म्हणूनच कुणाला खरी वाटणार नव्हती.

घरी येऊन त्याने आईलाही समजावलं. फळीवरची साखरेची बरणी काढून समोर ठेवली, चिठ्ठीवर तिचा मोबाईल नंबर लिहून चिकटवला, आणि चमच्याने आधी चणाडाळ घातली. "ही गंगुबाई." मग ती परातीत ओतून मूग घातले. "ही विनिताताई." आई एकाग्र होऊन बघत होती. सगळं झाल्यावर तिने बरणी स्वतःकडे ओढली.

"म्हणजे जी शेवटी टाकेन, तिला पाणी."

"हो."

"एकीलाच."

"एकीलाच."

तिने परातीतली डाळ आणि मूग वेगळे निवडायला घेतले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर्वेश अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला. ऑफिसात बसवत नव्हतं. गल्लीत शिरला तेव्हा टँकर तोंडाशी लागला होता. टँकरच्या वेळची आपली गल्ली तो शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच बघत होता. पत्र्यांवरून ऊन परतून अंगावर येत होतं. पलीकडच्या चाळींतल्या घरी असणाऱ्या बायका ड्रमपाशी उभ्या होत्या. आई एका कडेला, पदर डोक्यावर घेऊन, एकटी.

भिवाने टॅब बघून पुकारा केला. "विनिता. समोरची खोली."

बायकांनी माना वळवल्या. विनिता तर कामावर होती, आणि तुळसाकाकीला नंबर लावायला सांगणं तिने कधीच बंद केलं होतं. सर्वेशला एका क्षणात कळलं. आईने सकाळी बसून आपण होऊन लावला होता. आपलं घर न टाकता. फक्त विनिताचं.

आई लगबगीने समोरच्या दाराशी गेली. "सान्वी, बाळा, ड्रम बाहेर काढ. पाणी आलंय तुमचं."

आतून काही हललं. मग सान्वीचा बारीक आवाज आला. "आई बोलली कुणाला दार उघडायचं नाही."

"मी आहे गं. काकीआजी."

"तुमचं नाव घेऊनच बोलली," सान्वी आतून म्हणाली.

भिवाने हॉर्नवर हात ठेवला. "मावशी, उरका. मागे लाइन आहे. ड्रम नाही तर मी पुढचं नाव घेतो."

सर्वेश पुढे झाला, पण त्याच्याआधी आईने आपला ड्रम सरकवला होता. "यात भर," ती भिवाला म्हणाली. "यात भर, मी तिला संध्याकाळी देते." पाइप ड्रममध्ये पडला. भिवाने टॅबवर बोट टेकवलं. 'पाणी दिले'.

आणि गल्लीतल्या साऱ्या बायकांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. नाव विनिताचं पुकारलं, आणि पाणी तुळसाच्या ड्रममध्ये पडलं. एक जण दुसरीच्या कानाशी लागली. सर्वेशने तोंड उघडलं, पण बरण्यांपासून सुरुवात करायची तर या उन्हात ऐकणार कोण, आणि तो कुणाचा मुलगा हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

संध्याकाळी विनिता आल्याची चाहूल लागताच आई हंडा घेऊन निघाली. सर्वेशने दुसरा उचलला. ड्रमभर पाणी होतं, दोघांनी मिळून सगळं वाहून नेलं, थेंब ठेवला नाही. विनिताने दार उघडलं. तिला वाटेतच कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं. तिने हंडे घेतले, आपल्या ड्रममध्ये रिकामे केले, परत दिले. आलेलं नाकारावं इतकं पाणी तिच्या घरी नव्हतं. शेवटचा हंडा देताना ती म्हणाली, "काकी, एक सांगू? माझ्या नावावर नका लावत जाऊ."

"अगं, तुझंच होतं ते. मी फक्त..."

"नका लावू." तिने दार लोटलं. जोरात नाही, नेहमी लोटायची तसंच.

सकाळी सर्वेश कामावर जायला उशिरा निघाला. दहा वाजत आले होते. आई चष्मा लावून मोबाईल घेऊन बसली होती, पाय खाली सोडून. चाळ भरली होती, खोलीची जागा रिकामी होती, हिरवं बटण वाट बघत होतं.

"कुणाचं टाकू रे?" तिने विचारलं.

"आपलं टाक आई. दुसरं कुणाचं टाकायचं नाही आता."

"आपला ड्रम दारात भरताना बघतील सगळ्या."

"बघू देत."

तिने अंगठा बटणावर धरला. मग काढून घेतला. चष्मा उतरवला, मोबाईल उशीखाली ठेवला. मोरीतली कळशी काढली आणि डोक्यावर पदर घेतला. गल्लीच्या मागे, रुळांच्या अंगाला एक जुनी बोअरवेल होती. तिला दिवसातून थोडा वेळ मचूळ पाणी यायचं. तिथे अजून भांडी ओळीत ठेवून नंबर लागायचा. ती एकेक पायरी धरून उतरली. सर्वेश दारातून बघत राहिला. कळशी घ्यायला धावला असता, पण तिने मागे वळून हातानेच त्याला जा म्हटलं, ऑफिसला उशीर होतोय.

बोअरवेलपाशी पाच-सहा जणी उभ्या होत्या. पूर्वी ती आली की सगळ्या आपापले हंडे तिच्याकडे देऊन कामाला सुटायच्या. आज कुणी हंडा पुढे केला नाही. आईने आपली कळशी ओळीच्या शेवटी ठेवली आणि तिच्यापाशी उन्हात उभी राहिली.